डेकवरून दिसणारं घर

तुमचं घर कुणाच्या डोळ्यात खुपतं का हो? तुम्ही राहता तेच घर, त्याचा रंग, त्याचं छप्पर, दारापुढं वाळत टाकलेली गोधडी. कुणी कधी दारात येऊन, हात जोडून, गोड आवाजात तुम्हाला सांगितलंय का, की बाई, तुमचं घर जरा कमी दिसेल असं करता येईल का? नसेल सांगितलं, तर तुमचं बरं चाललंय. रंभा गंगावणेला सांगितलं होतं.

रंभा निमोण्याच्या अलीकडं राहते. गावापासून फटकून, ओढ्याच्या काठाला तिचं एकटं घर. दगडमातीच्या चार भिंती, वर पत्रा, पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर धोंडे. नवरा साहेबराव पाटसला कारखान्यात हंगामाला जायचा. एका हंगामात काविळीनं गेला. मागं राहिला सम्राट. रंभानं लोकांच्या शेतात कांदा काढून, खुरपून त्याला आयटीआय केलं, आणि तो कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत ठेकेदाराकडं शिफ्टला लागला. आठवडाभर तिकडंच चौघांत खोली करून राहायचा, सुट्टीला मोटरसायकलवर आईकडं यायचा.

रंभाची जीभ धारदार. उसनं मागायची नाही, ऐकून घ्यायची नाही. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी ती स्वतः शिडीवर चढून घराला निळा रंग द्यायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबून कळायचं, हे कुणाचं घर आहे. तिला ते कळायलाच हवं होतं.

तिला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. स्लॅब. उन्हाळ्यात पत्र्याखाली ज्यानं दुपार काढली नाही त्याला यातलं काही समजणार नाही. डोक्यावर स्लॅब असावा, त्यावर मिरच्या वाळत घालाव्यात, रात्री वाऱ्याला अंथरूण टाकावं. घरकुलाच्या यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा ती ओढ्यात उभी राहून एकटीच हसली होती.

त्याच साली ओढ्यापलीकडचा माळ विकला गेला.

घेणारा मुंबईचा. त्याला गावात कुणी नीट बघितलं नाही, काळ्या काचांची गाडी तेवढी बघितली. बंगला मात्र सगळ्यांनी बघितला, म्हणजे बघायला गेले आणि सापडेना. रस्त्यावरून दिसूच नये असा तो काढलेला. माळ पोखरून अर्धा आत घातलेला, भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या, छपरावर माती टाकून कुसळी गवत लावलेलं. एक बाभूळ तोडली नाही. बाभळीला वळसा घालून न्हाणीघर बांधलं, आणि ते न्हाणीघर रंभाच्या अख्ख्या घराएवढं. पोहायच्या तलावाच्या तळाला काळी फरशी, का, तर पाणी ओढ्याच्या डोहासारखं दिसावं. निसर्गात विरघळून गेलेलं घर, असं त्याला म्हणतात. पैसेवाल्याला विरघळायची हौस असते. गरिबाला मात्र विरघळवतात.

त्या बंगल्याला कुंपण नव्हतं. नजर अडायला नको. दिवाणखान्यापुढं लाकडी डेक, डेकवरून समोर ओढा, आणि ओढ्यापलीकडं रंभाचं निळं घर. घरापुढं सरकारी योजनेतला संडास, गुलाबी फरशीचा, त्यावर काळी टाकी. एवढा थोरला बंगला कुणाला दिसत नव्हता. रंभाचं एवढंसं घर सगळ्यांना दिसत होतं.

बंगल्याची चुन्याची फक्की मारून नुकती आखणी झाली होती, तेव्हा इवा मॅडम पहिल्यांदा ओढा ओलांडून आल्या. पुण्याच्या आर्किटेक्ट. सुती साडी, कपाळ मोकळं, केस आखूड. दारात चपला काढून उभ्या राहिल्या.

"मावशी, पाणी मिळेल?"

"आमचं चालंल का?"

"का नाही चालणार?"

पाणी पिऊन त्या जमिनीवरच बसल्या. रंभा भाकरी थापत होती. वास आला म्हणून त्यांनी मागून घेतली. मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. बोटं चाटून खाल्ली आणि म्हणाल्या, "माझी आजी कृपाबाई इकडचीच. मिशनच्या दवाखान्यात आया होती. मी लहानपणी सुट्टीला यायचे."

"म्हंजी तुमी आपल्यातल्याच की."

"असं समजा."

रंभानं तसं समजलं. इथं तिची चूक झाली, आणि ही चूक कुणाकडून होते तेही ऐका. रंभाच्या सासूनं हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेल्या वेगळ्या कपात चहा प्यायलेला होता आणि तो कप स्वतः विसळून परत टांगलेला होता. रंभाला स्वतःला आजही काही बांधांवर पाणी वरून ओंजळीत मिळतं. त्यामुळं माणूस मोजायचं तिचं एकच माप होतं. आपल्या घरात बसतो का, आपल्या ताटात जेवतो का. जो जेवला तो आपला. जो नाही जेवला त्याची सावलीसुद्धा तिनं दारात उभी राहू दिली नाही. आयुष्यभर या मापानं तिला फसवलं नव्हतं. ती भोळी होती असं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, की त्याच्या घरी पाणी मागायला तिच्यासारखं कोण कोण येऊन बसलंय.

तिला काय ठाऊक, की मॅडम प्रत्येक साइटवर आजूबाजूच्या घरात बसून जेवतात. ती त्यांची कामाची पद्धत आहे. जागा समजून घ्यायची, माणसं समजून घ्यायची, मग रेघ मारायची.

जेवण झाल्यावर मॅडमनी भिंतीवरून हात फिरवला. "मावशी, तुमचं घर किती खरं आहे. आमची सगळी धडपड असं घर बांधायची असते."

"मग घ्या की. अदलाबदल करू. तुमी हितं या, मी तिकडं जाते."

मॅडम मनापासून हसल्या. रंभाही हसली.

"माझं एक ऐकाल? स्लॅब टाकू नका. निदान आत्ता. सिमेंटचा ठोकळा आला, वर सळया निघाल्या, की हा सगळा परिसर मेला."

"आन् पत्र्याखाली मी मरते त्याचं?"

"आम्ही घर नीट करून देऊ ना. मातीचा गिलावा, वर कौलं. थंडगार होईल. आणि नंतर मागच्या बाजूला तुमची पक्की खोली. तिचं ड्रॉइंग मी स्वतः काढेन. शब्द देते."

एवढी मोठी बाई, मुंबईवाल्याचा बंगला काढणारी, ती आपल्या खोलीचं ड्रॉइंग काढणार. रंभाची मान ताठ झाली. "मग माझाबी शब्द," ती म्हणाली.

सम्राट सुट्टीला आला तेव्हा तिनं त्याला हे सगळं रंगवून सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आये, जेवली म्हंजी काय उपकार केलं व्हय? भूक लागली आसंल तिला."

"आपल्या ताटात जेवली."

"आगं आमच्या कंपनीचा मॅनेजरबी कँटीनला आमच्या संगं जेवतो. म्हनून काय मला पर्मनंट केलं का?"

"तू गप. तुला मानसं कळत न्हाईत."

पोराला माणसं कळत होती. पण आईपुढं किती बोलायचं, याला त्याच्याकडं मर्यादा होती.

मग एक दिवस साइट इंजिनिअर सार्थक तिला ओढ्यापलीकडं घेऊन गेला. गुळगुळीत दाढीचा पोरगा, बोलायला नम्र. साइटच्या ऑफिसात टेबलावर सगळ्या माळाचं मॉडेल मांडलं होतं. ओढा, बाभळी, गवत, आणि एका कडेला रंभाचं घर, काडेपेटीएवढं, तपकिरी बुचाचं. आपलं घर असं टेबलावर बघून तिला हसू फुटलं. मग ती वाकून बघायला लागली.

"निळा कुठं गेला?"

"मावशी, मॉडेलमध्ये रंग देत नाहीत."

"गवताला तर दिलाय की."

सार्थकनं मॉडेलवरची धूळ फुंकली.

"आन् संडास?"

"तो आपण मागे शिफ्ट करतोय."

रंभाला आत कुठंतरी टोचलं. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवला की लोक कुणाच्या जातीचं नाव घेतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती ओढा ओलांडून घरी आली.

बिहारची पोरं आली, पुढचा पत्रा आणि त्याखालचे जुने वासे काढून नवे घातले, कौलं चढवली. रंग खरवडायला लागली. वर्षावर्षाचा थर, निळ्या खपल्या अंगणभर पडल्या. त्यातला एक पोरगा घाम पुसत म्हणाला, "अम्मा, कितना चढ़ाया है, उतरता ही नहीं."

"साल का एक," रंभा म्हणाली आणि आत निघून गेली.

संडास एका सकाळी पाडला. मागं नवा होणार म्हणून पाडला. तो आजतागायत व्हायचा आहे. साठीला टेकलेली बाई पुन्हा डबा घेऊन बाभळीआड जायला लागली, तेही अंधार असताना, कारण उजेडात ती डेकवरून दिसते.

घराच्या दोन बाजू करून झाल्या. पिवळसर मातीचा गिलावा, कडेनं गेरूची रेघ, दाराला जुन्या बाजारातली नक्षीची चौकट. पुढच्या अंगणात भर टाकून दगड बसवले. पन्हळ लावली नाही, पन्हळ वाईट दिसते. मग पोरांनी सामान गोळा केलं आणि ओढा ओलांडून निघून गेली. मागच्या भिंतीला कुणी हातही लावला नव्हता. मागच्या उतारावर तिचे तेच गंजके पत्रे, तेच धोंडे.

रंभानं सार्थकला गाठलं. "मागची बाजू कवा?"

"मावशी, मागचं आमच्या स्कोपमध्ये नाही."

"स्कोप म्हंजी?"

त्यानं जरा विचार केला. पोरगा खोटं बोलणारा नव्हता. "म्हणजे डेकवरून जेवढं दिसतं तेवढं."

शेजारच्या वस्तीवरची सखूबाई घर बघायला आली. पुढून बघितलं, मागं जाऊन बघितलं, पदरात तोंड लपवून हसली. "रंभे, घराला बघायला पाव्हनं येनार हायेत का गं? म्होरून पावडर आन् मागून भोकाचं लुगडं."

"तुझ्या घरी कोन येतंय बघायला?"

"न्हाई बया. म्हनून तर मी सुखी."

आता खरी गंमत. घरकुलाची पाहणी करायला तालुक्याहून माणूस आला. यादी हातात, गळ्यात बॅग, मोबाइलवर फोटो काढायचा. घरापुढं येऊन थांबला आणि रंभाकडं वरून खाली बघितलं.

"बाई, हे तुमचं घर?"

"माझंच."

"का कुणाचं रिसॉर्ट सांभाळता?"

"सायेब, माझं राहतं घर हाय. मातीचं हाय. नुसतं लिपलंय."

"नक्षीची चौकट, कौलं, दगडी अंगण. हा फोटो वर गेला तर मला घरी बसवतील."

"मागून बघा की. या, मागं या."

तो मागं आला. बघितलं. त्यालाही कळलं, कळलं नाही असं नाही. पण म्हणाला, "फोटो दर्शनी बाजूचाच लागतो, बाई." आणि दर्शनी बाजूचा फोटो काढून गेला. रंभाचं नाव यादीतून गेलं. डेकवरचा पाहुणा आणि तालुक्याचा माणूस, दोघांनाही तिच्या घराची तेवढीच बाजू लागत होती.

तिनं इवा मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "अरेरे. मी बघते काहीतरी." रंभानं चार वेळा फोन लावला, मॅडमनी प्रत्येक वेळी बघते म्हटलं. पाचव्यांदा त्या परदेशात होत्या.

पावसाळा लागला. पुढं भर टाकून उंच केलेल्या अंगणातलं सगळं पाणी घराला वळसा घालून मागं जायला लागलं, कारण पुढं चिखल झालेला चालत नव्हता. मागच्या भिंतीच्या बुडाशी डबकं. रंभा खोऱ्यानं चर काढायची, चर बुजायचा. भिंत खालून काळी पडली, बोट लावलं की माती बोटाला यायची. तिनं सार्थकला दोनदा आणून दाखवलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, मी तुमच्या जागी असतो तर मलाही राग आला असता." राग तिला घालवता आला असता. पाणी कोण घालवणार?

भिंत पावसात पडली नाही. मातीच्या भिंती पावसात धरून राहतात आणि ऊन लागून वाळायला लागल्या की बसतात. दिवाळीच्या आधी, कडक ऊन पडलेलं. सम्राट रात्रपाळी करून सकाळी आला होता. डोळे लाल, अंगाला केमिकलचा वास. रंभानं त्याचं अंथरूण मागच्या भिंतीशी घातलं. तिथं ओल होती, ओलीनं गार लागायचं. पोराला चार तास गार झोप लागावी, एवढाच तिचा विचार. आणि ती ओढ्यावर कपडे धुवायला गेली.

आवाज फार मोठा झाला नाही. पोतं पडावं तसा झाला.

पलीकडं काम करणारी बिहारची पोरं ओढ्यातून धावत आली. त्यांनी हातांनी माती उपसली. सम्राट निघाला, जिवंत निघाला. टेम्पोत घालून आधी शिरूरला नेला, तिथून पुण्याला. डॉक्टरांनी सुई टोचून विचारलं, लागतंय का. तो आईकडं बघत राहिला. कमरेखालचं त्याचं त्याला काही कळत नव्हतं. ठेकेदारानं पुढच्याच आठवड्यात दुसरा पोरगा लावला.

रंभा त्याला घेऊन परत आली तेव्हा घराच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीपासून आढ्यापर्यंत बल्ल्या, टेकू, आडव्या फळ्या. पुढच्या दोन भिंती पडू नयेत म्हणून बंगल्याच्या माणसांनी दोन दिवसांत आतून सगळं ठोकून घेतलं होतं. बाहेरून एक तडा नाही. गेरूची रेघसुद्धा तुटली नव्हती.

काढून ठेवलेले जुने पत्रे मागं पडले होते, त्यांचंच खोपटं करायचं ठरलं. सार्थकनं दोन माणसं दिली, एवढं त्यानं केलं. आणि स्वतः डेकवर जाऊन उभा राहिला, फोन कानाला लावून. "अजून डावीकडे. अजून. नाही, टोक दिसतंय. अजून थोडं खाली. हां, बस." जिथून काहीच दिसेना, तिथं रंभाचं खोपटं उभं राहिलं. बंगल्याच्या जागेसाठी जेवढी बारकाईनं नजर लावली होती, तेवढीच तिच्या खोपट्यासाठी लावली.

मग मॅडम आल्या. चपला काढून, वाकून खोपट्यात शिरल्या. खाटेवर सम्राट. त्याला बघून त्यांचे डोळे भरले, आणि ते पाणी खोटं नव्हतं. खोटं असतं तर रंभाला सोपं गेलं असतं.

"मावशी, मला फार वाईट वाटतंय."

"ड्रॉइंग आनलं का?"

मॅडमनी डोळे पुसले. "प्रोजेक्ट क्लोज झालाय. आता माझ्या हातात काही नाही. पण मालकांशी बोलले मी तुमच्यासाठी. त्यांना ते घर फार आवडतं. पाहुणे येतात तेव्हा संध्याकाळी तिथं चूल पेटली, दिवा लागला, तर त्यांना हवंय. दर शनिवार-रविवार. हे काम तुम्हालाच मिळेल, मी शब्द घेतलाय त्यांच्याकडून."

रंभानं सम्राटच्या पायावरची गोधडी सारखी केली. मग विचारलं, "आन् सैपाक कुनाचा करायचा?"

"स्वयंपाक नाही करायचा, मावशी. फक्त धूर."

खाटेवरून सम्राट हसला. असा हसला, की मॅडम उठून बाहेर गेल्या.

त्या गेल्यावर तो म्हणाला, "आये, नगं जाऊस. भीक मागू, पन हे नगं."

"तुझ्या डायपरला पैसं कुठनं येत्यात?"

"धुरानं येत्यात का?"

"व्हय. आता धुरानंच येत्यात."

बंगल्याचा फोटो एका गुळगुळीत मासिकात छापून आला. सखूबाईच्या जावयानं मोबाइलवर दाखवला. गवताचं छप्पर, डेक, डेकवर वेताच्या खुर्च्या, आणि लांब, मऊ उजेडात, मातीचं घर आणि धुराची एक बारीक रेघ. खाली लिहिलं होतं, इथं बांधलेलं आणि आधीपासून असलेलं यांच्यातली सीमारेषा पुसली जाते. रंभानं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. घराच्या दारात कुणीच नव्हतं. ती आत टेकूंच्या मधे उकिडवी बसून फुंकणी फुंकत होती, तेव्हाचाच तो फोटो.

पाहुणे जागे असताना तिच्या स्वतःच्या खोपट्यात चूल पेटवायला मनाई आहे. धूर चुकीच्या जागी निघतो. म्हणून पाहुणे असले की आपला स्वयंपाक ती भर दुपारी उरकते, ते झोपलेले असतात तेव्हा.

संध्याकाळी मात्र तिला जावंच लागतं. ओली लाकडं घालायची, म्हणजे धूर पांढरा येतो. काळोख पडेपर्यंत बसायचं. सम्राटला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाही वळवलं की पाठीला जखमा होतात. एक जखम हाडापर्यंत गेलीय. ती नेमकी शनिवार-रविवारची आहे. तो हाक मारत नाही. हाक डेकपर्यंत जाते आणि आईचं काम जातं, हे त्याला ठाऊक आहे.

तुमच्यातल्या कुणाला ना कुणाला त्या बंगल्यावर बोलावणं येईल. आजकाल अशा बंगल्यांची बोलावणी लांबलांबपर्यंत जातात. तर जा. खुर्चीत बसा, धूर निघालेला बघा. आणि मग उठा. ओढ्याला पाणी घोट्याएवढंच असतं. चपला हातात घ्या, ओलांडा, घराला वळसा घालून मागं या. खोपट्याचं दार ढकला, एक हात त्या पोराच्या खांद्याखाली घाला, एक कमरेखाली, आणि त्याला कुशीवर वळवा. हळू वळवा.